पांझरेच्या पाटातल्या गोगलगायी आणि परदेशी अनुदान

प्रश्न: मी धुळ्याला एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. माझे मामा पिंपळनेरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. शिक्षण दहावी, पण नदीवरचे शंख-शिंपले गोळा करायचा नाद जुना; घरात बिस्किटांचे डबे भरून शंख आहेत. 'पांझरा नदीतील मृदुकाय प्राण्यांची (म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांची) जैवविविधता' या विषयावर दोघांनी मिळून काम करायचं ठरवतोय. परदेशातल्या संस्था विद्यार्थ्यांना आणि हौशी लोकांना छोटी अनुदानं देतात असं ऐकलं. ती आपल्याला मिळतात का? किती मागावे? आणि पैसे बाहेरून आले तर पुढे काही भानगड होत नाही ना?
— एक वाचक विद्यार्थिनी, ता. साक्री

उत्तर: मिळतात. पण तुम्ही लिहिलेल्या विषयाला मिळणार नाहीत. म्हणून आधी विषयाचं बघू, पैशांचं नंतर.

'पांझरेतील जैवविविधता' म्हणजे उगमापासून मुडावदच्या तापी संगमापर्यंत सगळी नदी, सगळे ऋतू, सगळ्या जाती. तुमच्या हाती फार तर एक हंगाम आहे. छोटं अनुदान देणारी समिती अर्ज वाचताना एवढंच बघते की या पैशांत, या मुदतीत, हे काम संपेल का. न संपणाऱ्या कामाला पैसे देण्यात त्यांना रस नसतो, मग उमेदवार कितीही हुशार असो. शिवाय 'यादी करू' हा प्रश्नच नव्हे. यादी हे कामाचं साधन आहे.

तुमच्या दारात मात्र एक फार चांगला प्रश्न पडलेला आहे. पांझरेवर फड पद्धतीचे (म्हणजे नदीचं पाणी अडवून ते पाटाने सामाईक शेतपट्ट्यांना वाटायच्या रीतीचे) जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाटांना कधी पाणी असतं, कधी नसतं. पाणी बंद झाल्यावर पाटातल्या गोगलगायींचं काय होतं? काहींना तोंडाला झाकण असतं (फिलोपालुडिना, मेलानॉइडिस). काहींना नसतं (चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस, पातळ कवचाची लिम्निया). झाकणवाली गोगलगाय तोंड मिटून चिखलात तग धरेल, हा सरळ अंदाज. पण इंडोप्लॅनॉर्बिस झाकण नसतानाही ओल्या चिखलात दडून कोरडा काळ काढते हे माहीत आहे. मग पाट किती दिवस कोरडा राहिला तर कोण उरतं? या प्रश्नाला उत्तर आहे, ते एका हंगामात मिळू शकतं आणि शेतकऱ्यालाही त्याचा उपयोग आहे, कारण लिम्निया गटातल्या गोगलगायी गुरांच्या यकृतातल्या पर्णकृमीच्या, तर इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या रक्तकृमींच्या मध्यस्थ यजमान आहेत, म्हणजे त्या कृमींच्या अळ्या गोगलगायींच्या अंगात वाढतात. लंडनमध्ये बसलेल्या परीक्षकाला फड म्हणजे काय ते ठाऊक नसणार. चार ओळी आणि हाताने काढलेला एक नकाशा द्या. आमच्या मते अर्जातला सगळ्यात वजनदार कागद तोच ठरेल.

आता संस्था.

पहिला अर्ज लंडनच्या मॅलॅकॉलॉजिकल सोसायटीला, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासकांच्या संस्थेला. 1893 साली स्थापन झालेली ही संस्था संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी 1,500 पौंडांपर्यंतचं अनुदान देते. ते विद्यार्थ्यांना आणि पगारी संशोधनपद नसलेल्या अभ्यासकांना मिळतं. राष्ट्रीयत्वाची किंवा सभासदत्वाची अट नाही, आणि आपल्यासाठी हेच महत्त्वाचं. अर्जाची मुदत 15 डिसेंबर ठरलेली असते. तरी त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज भरा.

दुसरी, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडची काँकॉलॉजिकल (शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकांची) सोसायटी. ही 1876 ची. हिच्यात हौशी मंडळींचा भरणा पहिल्यापासून, त्यामुळे पदवी नसलेल्या माणसाकडे ही संस्था संशयाने बघत नाही. रकमा छोट्या असतात. तिसरी, युनिटास मॅलॅकॉलॉजिका ही आंतरराष्ट्रीय संस्था. तिचे विद्यार्थी-पुरस्कार सभासद विद्यार्थ्यांसाठी असतात, म्हणजे आधी वर्गणी, मग अर्ज. अमेरिकेतल्या काँकॉलॉजिस्ट्स ऑफ अमेरिकाच्या अनुदानावर वेळ घालवू नका. ते अमेरिका खंडांतल्या रहिवाशांसाठी किंवा तिथे शिकणाऱ्यांसाठी आहे. रफर्ड फाउंडेशन विकसनशील देशांतल्या कामांना यापेक्षा मोठी रक्कम देतं, पण ते संवर्धनासाठी. पाटातल्या इंडोप्लॅनॉर्बिसला वाचवायची गरज नाही, ती भरपूर आहे. तिला ओढूनताणून 'संकटग्रस्त' ठरवलंत तर परीक्षकाला ते लगेच कळेल. आयडिया वाइल्ड पैसे देत नाही, उपकरणं देते. कॅलिपर, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा अशा गोष्टींसाठी तिचा विचार जरूर करा.

देशातलंही बघा. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती तुम्हाला असेल तर तिच्या वर्षाच्या 80,000 रुपयांपैकी 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात; बरेच जण ते विसरतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते, डीएनए किंवा ऊतींचं काम शिकायला ती उत्तम. विद्यापीठाच्या 'आविष्कार' स्पर्धेत अनुदान नसतं, पण पाच मिनिटांत प्रश्न मांडायची सवय होते.

वेळापत्रकाकडे या. बहुतेक अर्ज इथेच फसतात, कारण परदेशी वर्ष आणि खानदेशातली नदी यांचा मेळ बसत नाही. डिसेंबरात अर्ज, मार्चअखेर निकाल, पैसे हातात येईतो एप्रिल-मे. तेव्हा पांझरेत डोह सोडले तर पाणी नाही आणि पारा 44 च्या वर. त्यामुळे 'एप्रिलपासून नमुने' असं लिहिणारा विद्यार्थी स्वतःच्या नदीवर गेलेलाच नाही, हे जाणकाराला एका ओळीत कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये पूर, पाटात गाळ आणि नदीतून वाहून आलेली रिकामी कवचं. खरं काम ऑक्टोबर ते मार्च, रब्बीच्या पाण्याबरोबर. सुदैवाने तेव्हा तुम्ही दुसऱ्या वर्षाला असाल आणि हेच काम प्रबंधालाही चालेल.

पण यंदाचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मोकळा सोडू नका. दिवाळीच्या सुट्टीत दोन फडांवर प्रत्येकी एक फेरी मारा. पदरचे पाच-सातशे रुपये जातील. 'पाहणीत पाटाच्या तोंडाशी अमुक जाती, शेपटाला अमुक' असं एक छोटं कोष्टक अर्जात असलं की तो अर्ज इतरांपेक्षा उठून दिसतो. जाण्याआधी फडाच्या पंचांना आणि पाटकऱ्याला भेटा. पाणी कधी सोडणार, कधी तोडणार याची तारीख त्यांच्याकडेच असते, आणि तुमचा सगळा प्रयोग त्या तारखेवर उभा आहे. ते सांगतील ती तारीख वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला ताडून पाहा.

पद्धत अशी ठेवा. दोन फड, प्रत्येक पाटावर तीन जागा (तोंड, मध्य, शेपूट), प्रत्येक जागी 25 × 25 सेंमीच्या चौकटीने पाच नमुने. एका फेरीत 30, सहा फेऱ्यांत 180. चौकट 8 मिमी सळईची, मामांना वेल्डिंग येत असेल तर घरीच होईल. एका चौकटीचं क्षेत्र चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढं, म्हणून मोजणीला 16 ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा. चौकट डोळ्यांना बऱ्या दिसतील अशा जागी टाकू नका. पाटाच्या काठाने मोजपट्टी धरा आणि चिठ्ठ्या टाकून आलेल्या अंतरावरच ठेवा, नाहीतर हात आपोआप गोगलगायींच्या घोळक्याकडे जातो आणि आकडे फुगतात. चिखल वरचा 5 सेंमी घ्या, 1 मिमीच्या चाळणीतून पाटाच्याच पाण्याने धुवा. घरातली पिठाची चाळणी चालणार नाही. तिची भोकं सारखी नसतात.

कोरड्या पाटात खोली 10 सेंमी करा. ढेकूळ फोडून लगेच 'मेलेली' म्हणून नोंद करू नका. बादलीत पाणी घालून रात्रभर ठेवा. जिवंत असेल ती सकाळपर्यंत बाहेर येते किंवा टोचल्यावर झाकण ओढून घेते. इथे एक चूक हमखास होते: रिकामी कवचंही मोजली जातात. रिकामं कवच वरच्या अंगाच्या धरणातूनसुद्धा वाहत येतं, त्यावरून तुमच्या पाटाबद्दल काही कळत नाही. जिवंत आणि रिकामी यांचे रकाने वेगळे हवेत. शिंपले सापडले तर ते मोजा, मोठा लॅमेलिडेन्स एखाददुसराच ठेवा आणि बाकीचे जागच्या जागी परत सोडा.

रबरी बूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे खर्चात धरा आणि खरंच घाला. इंडोप्लॅनॉर्बिसमधून बाहेर पडणाऱ्या गुरांच्या रक्तकृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरतात. त्या माणसात वाढत नाहीत, पण खाज आणि पुरळ आठवडाभर पुरतं. शंखी गोगलगाय, म्हणजे ती मोठी आफ्रिकन, सापडली तर उघड्या हाताने धरू नका. तिच्यात उंदरांच्या फुप्फुसकृमीच्या अळ्या असू शकतात.

नमुने जतन करताना फॉर्मॅलिन नको. ते हळूहळू आम्ल होतं आणि कवच खातं, डीएनएही जातो. जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलमध्ये टाकलीत तर ती आक्रसून कवचात खोल जाते आणि आतलं काही दिसत नाही. आधी पाण्यावर मेंथॉलचे दोन-तीन खडे टाकून रात्रभर झाकून ठेवा, टोचल्यावर हालेनाशी झाली की 70 टक्के अल्कोहोल. डीएनएसाठीची वेगळ्या बाटलीत, 95 टक्के. अंगाचं पाणी अल्कोहोलमध्ये उतरतं म्हणून 24 तासांनी ते बदला. शुद्ध इथेनॉल बाजारात सहज मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तो बहुतेक कॉलेजांकडे असतो, म्हणून खरेदी कॉलेजमार्फतच करा आणि प्रयोगशाळा सहायकाशी आजच बोलून ठेवा, कारण या एका वस्तूपायी महिना जातो. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट आणू नका. त्यात पाणी घातलं की ते बऱ्याचदा दुधाळ होतं. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, शिसपेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि उन्हाळ्यात बाटलीवरचा चिकट कागद गळून पडतो.

अर्जात खर्च कसा मांडायचा याचा नमुना देतो. दर तुमच्या दरपत्रकांप्रमाणे बदला. मोटारसायकलचं पेट्रोल, 12 दिवस, रोज 500: 6,000. डिजिटल कॅलिपर: 1,200. प्रमाणित चाळण्या दोन (1 मिमी आणि 0.5 मिमी): 3,000. रुंद तोंडाच्या 60 मिलिच्या 200 बाटल्या, 15 प्रमाणे: 3,000. अल्कोहोल: 4,000. बूट-हातमोजे: 2,000. जातींची ओळख पक्की करायला पुण्याला दोन फेऱ्या: 6,000. डीएनए, 12 नमुने, 1,500 प्रमाणे: 18,000. बेरीज 43,200. त्यावर बँकेची कपात आणि विनिमय दरातला फरक म्हणून 5 टक्के, 2,160. एकूण 45,360 रुपये. अर्ज भरता त्या दिवशीच्या दराने त्याचे पौंड करा आणि तो दर अर्जात लिहा.

कमाल रक्कम 1,500 पौंड आहे म्हणून तेवढे मागायचे नसतात. खर्चाच्या प्रत्येक ओळीचा धागा पद्धतीतल्या एखाद्या वाक्याशी जुळला पाहिजे. लॅपटॉप, मोबाइल, मानधन, परिषदेचा प्रवास यांपैकी काही दिसलं की परीक्षक बाकीच्या ओळींकडेही वाकडा बघतो. डीएनएचे बाराच नमुने का, तर बाह्य खुणांवरून न सुटणाऱ्या, लिम्नियासारख्या घोटाळ्याच्या जातींपुरतेच ते लागतात. मृदुकाय प्राण्यांच्या चिकट स्रावामुळे साध्या किटने काढलेला डीएनए बऱ्याचदा पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढायच्या प्रक्रियेत) चालत नाही. प्रयोगशाळेला सीटॅब पद्धत (असा चिकटपणा बाजूला काढून डीएनए वेगळा करायची) करता का ते विचारा, आणि सीओआय जनुकासाठी (मायटोकाँड्रियातलं, जाती ओळखायला वापरतात ते) 1994 चे फोल्मर प्रायमर (प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरणार का तेही. शिंपल्याचा नमुना दिलात तर तुकडा पायाचा द्या. अनेक गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत नराच्या जननग्रंथीत वडिलांकडून आलेलं वेगळंच मायटोकाँड्रियल डीएनए असतं आणि एकाच जातीच्या दोन वाटू लागतात.

ओळखीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आधी पत्र, सोबत प्रत्येक नमुन्याचे दोन फोटो (तोंड समोर, पाठ समोर, शेजारी मोजपट्टी), आणि होकार आल्यावरच जा. हाताशी सुब्बा राव यांची 1989 ची गोड्या पाण्यातल्या मृदुकायांची पुस्तिका ठेवा. ओळखीला ती आजही कामाची आहे, पण तिच्यातली बरीच नावं आता बदलली आहेत. तिथली बेलामिया बेंगालेन्सिस आता फिलोपालुडिना झाली. अर्जात प्रत्येक नाव मोलस्काबेसवर (मृदुकायांच्या नावांच्या ऑनलाइन यादीवर) तपासून लिहा. जुनं नाव लिहिल्याने कोणी अर्ज फेटाळत नाही, पण एकाच अर्जात निम्मी जुनी आणि निम्मी नवी असली की उतरवून काढल्यासारखं दिसतं.

आता तुमची 'भानगड'. परदेशी देणग्यांचा 2010 चा कायदा, म्हणजे एफसीआरए, इथे लागू होऊ शकतो. संस्थेच्या नावावर परदेशी अनुदान घ्यायचं तर त्या संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावं लागतं आणि पुढे दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून गावातल्या मित्रमंडळाच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात 'तात्पुरते' पैसे घ्यायचा विचार मनातून काढून टाका. विद्यार्थ्याला वैयक्तिक मिळणारी शिष्यवृत्ती हे वेगळं प्रकरण आहे, पण तुमचं अनुदान त्यात बसतं की नाही हे संस्थेच्या पत्रातल्या शब्दांवरून ठरतं. अर्ज करण्याआधी त्या योजनेचे नियम छापून सनदी लेखापालाला दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या. पाचशे-हजार फी पडली तरी द्या. खाते क्रमांकासोबत शाखेचा स्विफ्ट कोड विचारून ठेवा. नुसत्या आयएफएससी कोडवर परदेशातून पैसे येत नाहीत, आणि लहान शाखांना बऱ्याचदा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो.

परवानग्यांचंही तसंच. पाट फडाचा, तेव्हा पंचांचं पत्र आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला माहितीपत्र. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात पाऊल टाकणार असाल तर वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते आणि तिला महिने लागतात. या अर्जात त्या जागा घेऊच नका. आणखी एक: परदेशातल्या कोणी 'नमुने पाठवा, आम्ही ओळखून देतो' म्हटलं तर पाठवू नका, टपालाने तर मुळीच नाही. जैविक नमुने परदेशी व्यक्तीला द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या वाटेने जावं लागतं. फोटो पाठवा.

दोघांनी एकत्र अर्ज करावा का? मुख्य अर्जदार तुम्ही व्हा, मामांचं नाव क्षेत्रकार्यातले सहकारी म्हणून पहिल्याच पानावर द्या. त्यांचा अनुभव हा तुमच्या अर्जाचा भाग आहे, आभारात ढकलायचा विषय नाही. त्यांना स्वतंत्र अर्ज करायचा असेल तर काँकॉलॉजिकल सोसायटीकडे, वेगळ्या प्रश्नावर करू द्या. उदाहरणार्थ, पिंपळनेरच्या आसपासच्या बांधांवर पावसाळ्यात सापडणाऱ्या जमिनीवरच्या गोगलगायी, दर जागी अर्धा तास शोध. एकच खर्च दोन अनुदानांत दाखवू नका. या क्षेत्रात माणसं थोडी आहेत, परीक्षक तेच ते असतात.

बिस्किटांच्या डब्यांतल्या शंखांवर मामांना आत्ताच बसवा. जागा आणि साल नक्की आठवत असेल तेवढंच चिठ्ठीवर लिहायचं. 'बहुतेक लाटीपाडा' असेल तर 'बहुतेक' हा शब्दसुद्धा लिहायचा. काहीच आठवत नसेल तर तो शंख दिसायला सुंदर म्हणून ठेवा, अभ्यासात धरू नका. डबे पत्र्याचे आहेत ते बरंच आहे. प्लायवुडच्या कपाटात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्लाची वाफ सुटते आणि कवचावर पांढरी भुकटी धरते.

शिफारसपत्र मार्गदर्शकांकडून तीन आठवडे आधी मागा आणि सोबत अर्जाचा मसुदा द्या. मसुदा नाही दिलात तर 'विद्यार्थिनी कष्टाळू व सुस्वभावी आहे' असा चारित्र्याचा दाखला मिळतो. परीक्षकाला पत्रात दोनच गोष्टी हव्या असतात: हे काम तिला जमेल का, आणि प्रयोगशाळा व अल्कोहोल यांची जबाबदारी विभाग घेतो का. शेवटचा दिवस भारतीय घड्याळाचा की ब्रिटिश, हा वाद नको. 10 डिसेंबरला अर्ज पाठवून मोकळे व्हा.

अनुदान मिळालं तर पहिल्या दिवसापासून पावत्या एका पाकिटात ठेवा. पेट्रोलची पावती उन्हात पांढरी पडते, तिचा फोटो त्याच दिवशी काढा. काही पैसे उरले तर गुपचूप दुसरीकडे वळवू नका; ईमेल करून विचारा. डीएनएचे आणखी चार नमुने करू का, असं विचारलं तर सहसा होकार येतो. अहवाल मुदतीत द्या, पाटाला पाणी आलंच नाही तरी द्या, आणि प्रत्येक जातीचा एक तरी नमुना कुठल्या संग्रहात, कोणत्या नोंदणी क्रमांकाने ठेवला ते त्यात लिहा. पुण्याच्या केंद्रात तो क्रमांक मिळायला वेळ लागतो, म्हणून नमुने मार्चमध्येच सोपवा.